शंभर घरांचं पान

घानातल्या कुमासी शहरात १९९५ पासून नवजात बाळांच्या टाचेतून रक्ताचे थेंब घेऊन सिकलसेलची तपासणी होत आली आहे. शंभर बाळांमागे जवळपास दोन बाळं हा आजार घेऊन जन्मलेली आढळली. जगात दरवर्षी अंदाजे तीन लाखांहून अधिक बाळं सिकलसेल घेऊन जन्मतात आणि त्यांतली सुमारे तीन चतुर्थांश सहाराच्या दक्षिणेकडच्या आफ्रिकेत. वेळेवर निदान आणि उपचार झाले नाहीत, तर तिथली निम्म्याहून जास्त आजारी मुलं पाच वर्षांची होण्याआधीच दगावतात, असा अभ्यासकांचा अंदाज आहे. म्हणून तिथल्या शाळकरी मुलांसाठी आनुवंशिकी हा परीक्षेपुरता धडा राहत नाही. वर्गातला कुठला मित्र वारंवार गैरहजर का असतो, इथपासून पुढे आपलं लग्न कुणाशी होणार, इथपर्यंत तो विषय त्यांच्या आयुष्यात येतो.

हे सगळं चित्रकथेतून शिकवावं का, यावर माझ्या ओळखीच्या दोघींचा मोठा वाद झाला. एक रक्तविकारतज्ज्ञ, कामाची बरीच वर्षं घानातल्या इस्पितळांत काढलेली. दुसरी तिची सख्खी भाची. कॉमिक्स काढणं हाच तिचा व्यवसाय. घाना आणि नायजेरियातल्या शाळांसाठी सिकलसेलवर चित्रकथा करायचं काम तिच्याकडे आलं होतं, आणि तिला मिळालेली संहिता मावशीनं वाचली होती. मी बराच वेळ नुसतं ऐकत होतो. पुढे लिहिलंय ते त्यांचंच बोलणं. मला राहवलं नाही तिथे मधे माझं म्हणणं घातलं आहे.

थोडी पूर्वतयारी हवी. हिमोग्लोबिन बनवण्याची सूचना देणाऱ्या जनुकाच्या आपल्याकडे दोन प्रती असतात, एक आईकडून आलेली आणि एक वडिलांकडून. नेहमीच्या प्रतीला ‘ए’ म्हणतात, सिकलसेलच्या प्रतीला ‘एस’. दोन्ही ए असतील तर तो माणूस एए. एक ए आणि एक एस असेल तर एएस, म्हणजे वाहक. त्याला सहसा काही त्रास होत नाही. दोन्ही एस आल्या तर एसएस, म्हणजे रुग्ण. त्याच्या तांबड्या पेशी प्राणवायू कमी झाला की वाकतात, कडक होतात आणि बारीक रक्तवाहिन्यांत अडकून बसतात. मग हाडं असह्य ठणकतात, जंतुसंसर्ग लवकर होतो, रक्त कमी होत जातं.

मावशी : तुझी संहिता वाचली. मुलगा एएस, मुलगी एएस. दोघांचं प्रेम. तपासणीचे कागद हातात येतात आणि मुलगी रडत रडत निघून जाते. खाली मोठ्या अक्षरांत, ‘तिनं शहाणपणा केला.’ चौदा-पंधरा वर्षांच्या मुलांना आपण आनुवंशिकीतलं एवढंच सांगणार असू, तर न सांगितलेलं बरं.

भाची : शेवट मलाही पटलेला नाही. पण तुझा राग शेवटावर आहे की कॉमिक्सवर?

मावशी : दोन्हींवर. कॉमिक्सला नायक लागतो, खलनायक लागतो, शेवटी कुणीतरी जिंकावं लागतं. इथे खलनायक कोण करणार तू? एस जनुक? मग वर्गातल्या चार-पाच पोरांच्या अंगात खलनायक आहे, असं ती पोरं समजतील. नायजेरियात चारातला जवळजवळ एक माणूस वाहक आहे. एवढ्या लोकांच्या रक्तात तू राक्षस काढणार?

भाची : मी नाही काढणार. पण गोष्ट सांगितल्याशिवाय मुलं वाचणार नाहीत, हे तर मान्य कर. केनियात २०१० पासून ‘शुजाझ’ नावाचं कॉमिक निघतंय. वर्तमानपत्राबरोबर फुकट मिळायचं, मोबाइलच्या पैशांच्या टपऱ्यांवर मिळायचं. त्यातला डीजे बॉयी आपल्या खोलीतून चोरून रेडिओ चालवतो. भाषा शेंग, म्हणजे नैरोबीतली पोरं रस्त्यावर बोलतात तीच, स्वाहिली-इंग्रजीची सरमिसळ. या कॉमिकला आंतरराष्ट्रीय एमी पुरस्कारही मिळाला. त्यातली एक गोष्ट मला फार आवडते. कोंबडीच्या पिल्लांना रंग लावायचा, म्हणजे घारी-ससाणे त्यांच्यावर झडप घालत नाहीत. पोरांनी ते वाचलं आणि घरी करून बघितलं. पाठ्यपुस्तकातलं किती मुलं घरी करून बघतात?

मावशी : बघ, तुझ्याच तोंडून अडचण आली. पिल्लू आज रंगवता येतं. आज रंगवलं, उद्या ते जिवंत आहे की नाही ते कळतं. पोराला वाटतं, मी केलं आणि झालं. आनुवंशिकीत तसं काय आहे? तुला मिळालेल्या दोन प्रती तू बदलू शकत नाहीस. शेती, हात धुणं, मच्छरदाणी हे सांगायला कॉमिक्स उत्तम. जे आपल्या हातात नाही, ते ‘हे कर, ते करू नको’ या साच्यात घातलं की एकच आज्ञा उरते, अमक्याशी लग्न करू नको. आणि ती आज्ञा शेवटी मुलीवरच येऊन पडते. तुझ्या संहितेत रडत कोण गेलं? मुलगीच ना?

यावर भाची थोडा वेळ काही बोलली नाही. मला मावशीचं म्हणणं इथे अगदी नेमकं वाटलं. एस दोघांकडून यावं लागतं, हे कागदावर सगळ्यांना मान्य असतं. पण मूल आजारी निघालं की बोट आईकडेच जातं. जी चित्रकथा हे बोट वळवत नाही, ती कितीही सुंदर रंगवलेली असली तरी मला नको आहे.

भाची : मग तूच सांग, त्यांना काय कळायला हवं? कारण नायजेरियात तर सगळ्यांना माहीत आहे असं मी ऐकते.

मावशी : अक्षरं माहीत आहेत. लागोसमधल्या कॉलेजच्या पोराला विचार, तो आपला जीनोटाइप, म्हणजे आपली ही दोन अक्षरं, आपल्या नावाइतक्या सहज सांगेल. ओळख वाढली की मुलंमुली एकमेकांना विचारतात, तू एए की एएस? कितीतरी चर्च लग्न लावण्याआधी तपासणीचा दाखला मागतात. आणि प्रयोगशाळेनं चुकीचं अक्षर लिहून दिलं म्हणून मोडलेली लग्नं, किंवा एए समजून लग्न केलं आणि पुढे मूल एसएस निघालं, हेही तिथे घडतं. म्हणजे अक्षर कळलं, पण ते कसं काढतात, ते चुकू शकतं, शंका असेल तर दुसऱ्या ठिकाणी पुन्हा तपासून घ्यायचं असतं, हे कुणी सांगितलेलं नाही. आणि घानात आणखी एक अक्षर आहे, ‘सी’. ते पश्चिम आफ्रिकेतलंच. बाप एसी, म्हणजे एक ए आणि एक सी, असू शकत नाही का, असं मला एका शिक्षकानं विचारलं होतं. बाप एसी असेल, आई एएस असेल, तर मुलाला बापाकडून सी आणि आईकडून एस मिळून तेही आजारी होऊ शकतं. कुमासीच्या तपासणीत अशी एससी मुलं एसएसच्या खालोखाल निघाली. तुझ्या संहितेत सी कुठेच नाही. घानातली मुलगी ते वाचून म्हणेल, माझा मित्र एएस नाही, मग काळजी मिटली.

भाची : हे मी लिहून घेते. सी आलाच पाहिजे. पण मावशी, एक गोष्ट तू बघत नाहीस. आनुवंशिकी शिकवताना तुम्ही शास्त्रज्ञ काय काढता? पनेटचा चौकोन. वर आईच्या दोन प्रती, बाजूला बापाच्या दोन, आत चार घरं. तेच तर कॉमिक्सचं पान आहे! चार चौकटी. शब्दांत सांगायचं तर एकामागून एक सांगावं लागतं. चित्रात चारही शक्यता एका नजरेत दिसतात. आमच्याइतकं सोयीचं दुसरं माध्यम दाखव मला.

मावशी : आणि माझं सगळ्यात मोठं भांडण त्याच चौकोनाशी आहे.

भाची : का?

मावशी : कॉमिक्स कसं वाचतात? डावीकडून उजवीकडे, वरून खाली. पहिल्या चौकटीत आधीचं, दुसऱ्या चौकटीत नंतरचं. तुझा वाचक लहानपणापासून तेच शिकलेला. त्याच्यापुढे चार चौकटी ठेव. पहिलीत एए बाळ, दुसरीत एएस, तिसरीत एएस, चौथीत एसएस. तो काय वाचेल? पहिलं मूल ठणठणीत, दुसरं-तिसरं वाहक, चौथं आजारी. शक्यतांचा चौकोन त्याच्या डोक्यात भावंडांची रांग होतो. माझ्याकडे एक बाई यायच्या. पहिलंच मूल एसएस. मला म्हणाल्या, आता पुढची तीन बरी निघतील ना? मास्तरांनी चारातलं एक सांगितलं होतं, ते होऊन गेलं. पुढचं मूलही एसएस निघालं, आणि त्यांना वाटलं कुणीतरी आपल्याला फसवलं. खोटं कुणीच बोललेलं नव्हतं, चौकोन तसाच वाचला गेला होता.

भाची : म्हणजे प्रत्येक वेळी नव्यानं नाणेफेक.

मावशी : प्रत्येक वेळी. नाण्याला मागची फेक आठवत नाही. आईच्या प्रतींतली कुठली जाणार ही एक फेक, बापाची दुसरी. दोन्हीकडे एस पडला तरच आजार. पाचव्या मुलालाही तोच चौथा हिस्सा. हे वाक्य मी हजारदा सांगितलं असेल. समोरचा मान हलवतो आणि घरी जाऊन पुन्हा मोजायला लागतो.

भाची : मग तेच पान पुन्हा काढायचं. ऐक. पहिल्या बाळंतपणाच्या वेळी चार चौकटींचं पान. आई-बाप मध्यभागी, भोवती चार शक्यता, चारही फिकट. जे बाळ जन्मलं तेवढीच चौकट रंगीत. पान उलटलं, दोन वर्षं गेली. पुन्हा तेच पान, तस्सं, चारही शक्यता पुन्हा फिकट. आईच्या केसांत एखादी पांढरी बट, घरात एक मूल खेळतंय, पण चौकोन कोराच. तिसऱ्यांदा पुन्हा तेच. कॉमिक्समध्ये एकच रचना पुन्हा आली की ते वाचकाच्या डोळ्यांत भरतं. त्याला कळतं, इथे काहीतरी बदलत नाहीये.

मावशी : हं.

भाची : आणि चौकटी रांगेत ठेवायच्याच नाहीत. चार दिशांना ठेवायच्या, म्हणजे पहिली कुठली ते ठरणारच नाही.

मावशी : हे चालेल असं वाटतंय. पण एकाच कुटुंबाची गोष्ट सांगितलीस की पुन्हा घोळ. त्या कुटुंबात तू आजारी मूल काढणारच, नाहीतर गोष्ट कसली? आणि वाचक धरून चालणार की दोन वाहकांच्या घरात आजारी मूल असतंच. आता हिशोब कर. दोघंही एएस अशी शंभर जोडपी घे, प्रत्येकाला चार मुलं. सरासरीनं बत्तीस घरांत चारांपैकी एकही मूल एसएस नसेल. बेचाळीस घरांत एक असेल. उरलेल्या सव्वीस घरांत दोन किंवा जास्त. ज्या बत्तीस घरांत काही झालं नाही ती म्हणतात, हे सगळं डॉक्टरांचं थोतांड. ज्या सव्वीस घरांत दोन-तीन मुलं आजारी ती म्हणतात, आम्हाला कुणाचा तरी शाप आहे. दोघांनाही त्याच एका हिशोबानं गाठलंय. तुझी एका घराची गोष्ट यातलं काय दाखवणार?

भाचीनं मागच्या कोऱ्या पानावर पेन्सिलीनं आडव्या-उभ्या रेघा मारायला घेतल्या. दहा उभी घरं, दहा आडवी. पत्र्याची छपरं, दारापुढे पाण्याची बादली, एका दारात शिवणयंत्र, एका भिंतीला टेकलेली सायकल. प्रत्येक दारात चार मुलं उभी. सगळी मुलं सारखीच काढली होती. फक्त काहींच्या हातात छोटी पांढरी डबी, औषधाची.

भाची : दोन पानं जोडून शंभर घरं. वाचक घराघरावर बोट ठेवून मोजेल. बत्तीस दारांत एकही डबी नाही. या दारात तीन डब्या. वर्गात शिक्षकांनी विचारायचं, या तीन डब्यांवाल्या आईनं असं काय केलं जे या शेजारणीनं केलं नाही? काहीच नाही. दोघींचा चौकोन एकच.

मावशी : हे काढ. बाकीचं काहीही राहिलं तरी हे पान राहू दे.

या चित्राजवळ मला थोडं थांबायचं आहे. शक्यता शिकवणं ही आनुवंशिकीतली खरी अवघड गोष्ट; डीएनएची शिडी कुणीही काढून दाखवतो. गोष्ट नेहमी एका माणसाची असते, शक्यता नेहमी पुष्कळ माणसांची असते, आणि आरोग्याच्या प्रचारात बहुतेक वेळा गोष्टीनं शक्यतेला गिळलेलं असतं. एका पानात शंभर कुटुंबं बसवून प्रत्येकाचं दार वेगळं ठेवणं चित्रकथेला जमतं. भाषणाला ते जमत नाही, चित्रपटालाही कठीण जातं, कारण तिथे ऐकणाऱ्याला-पाहणाऱ्याला थांबून मोजता येत नाही.

मावशी : पण मला अजून बरंच म्हणायचंय. तुझ्या संहितेत एक म्हातारी आहे. ती म्हणते, या घरावर भूत आहे. लगेच डॉक्टर येऊन तिचं तोंड बंद करतो. हे मला अजिबात चालणार नाही.

भाची : अंधश्रद्धा दाखवायचीच नाही?

मावशी : दाखव, पण समजून घेऊन. योरुबा लोकांत आबिकू म्हणतात, इग्बो लोकांत ओग्बान्जे. मूल जन्मतं, लहानपणीच जातं, आणि तेच मूल पुन्हा त्याच आईच्या पोटी येतं, पुन्हा जायला. एकीच्या पोटची तीन-तीन, चार-चार मुलं गेली आणि शेजारणीचं एकही नाही, याचा अर्थ लावायचा लोकांनी केलेला तो प्रयत्न आहे. यातली बरीच मुलं सिकलसेलची असणार, असं अभ्यासकांनी मांडलंय. त्या म्हातारीनं निरीक्षण बरोबर केलं होतं. हे घराण्यात येतं, त्याच आईच्या पोटी पुन्हा येतं, सगळ्या भावंडांना होत नाही. तिचं कारण वेगळं निघालं, एवढंच.

भाची : मग म्हातारीलाच मी वंशावळ सांगायला लावते. घानाचे डॉक्टर फेलिक्स कोनोटे-आहुलू यांनी आपल्याच क्रोबो घराण्यातला हा आजार पिढी पिढी मागे नेत १६७० पर्यंत शोधून काढला ना? ते तुझ्याच पुस्तकांत मी वाचलं. तेवढ्या मागचा रक्ताचा कागद कुणाकडे नव्हता. घरातल्यांना नावं पाठ होती, कुणाला थंडी-पावसात सांधे धरायचे ते पाठ होतं. म्हणजे आजी नावं सांगत्येय, नात भिंतीवर खडूनं गोल आणि चौकोन काढत्येय, आणि शेवटच्या चौकटीत अख्खी भिंत भरलेली. वंशावळ हे शास्त्रज्ञांचं चित्रच आहे. त्याची अर्धी सामग्री आजीकडे.

मावशी : हे छान आहे. फक्त त्या पानाखाली तुझ्या संहितेत ‘तुमच्या घरच्यांचे जीनोटाइप विचारून हा तक्ता भरा’ असा उपक्रम दिलाय, तो काढून टाक. आजच्या आज.

भाची : का गं? मुलांना तेच तर आवडेल.

मावशी : मूल एसएस आणि बापाचा दाखला एए, असं एखाद्या घरी निघालं तर? एक तर प्रयोगशाळेची चूक, नाहीतर बाप दुसरा, आणि फार क्वचित आणखी काही कारण. चौदा वर्षांची पोर तो तक्ता वर्गात भिंतीवर लावणार, आणि संध्याकाळी तिच्या आईला मार बसणार. आनुवंशिकी शिकवताना घराची दारं उघडतात. शिकवणाऱ्यानं आधी विचार करायचा असतो की कुठलं दार उघडायचा आपल्याला अधिकारच नाही. तक्ता भरायचाच तर कथेतल्या कुटुंबाचा भरायला दे.

भाची : बरं, गेला तो. आता माझं ऐक. तू म्हणालीस, आनुवंशिकीत आज करण्यासारखं काही नाही. ते मला पटत नाही. तूच मला जमैकाची गोष्ट सांगितली होतीस, प्लीहेची.

इथे मावशीचा आवाज बदलला. हाताचे तळवे समोर धरून ती सांगू लागली.

मावशी : लहान मुलात कधी कधी एकाएकी रक्त प्लीहेत साठायला लागतं. आपल्याकडे जुनी माणसं तिला पाणथरी म्हणतात. मूल पांढरंफटक पडतं, पोट फुगतं, आणि काही तासांत सगळं संपू शकतं. जमैकात डॉक्टरांनी आयांना शिकवलं. रोज मुलाला उताणं निजवायचं, गुडघे थोडे वर घ्यायचे, डाव्या बरगडीखाली बोटं सपाट ठेवायची आणि हलकेच दाबत बेंबीकडे यायचं. कडा कुठे लागते ते लक्षात ठेवायचं. काल एका बोटावर होती आणि आज तीन बोटांवर आली, तर काम टाकून इस्पितळ गाठायचं. ऐंशीच्या दशकात त्यांनी दाखवून दिलं की अशा आयांच्या मुलांत या कारणानं होणारे मृत्यू पुष्कळ कमी झाले. यंत्र नको, वीज नको.

भाची : हे शब्दांत सांगायला तुला एवढी वाक्यं लागली, आणि तरी तुला हात पुढे करावे लागले. मी सहा चौकटींत काढीन. नुसता हात आणि पोट, अगदी जवळून, माणसाचा चेहराही नाही. आणि हात आईचा कशाला, मोठ्या भावाचा काढीन. घरी धाकट्याला सांभाळणारा तेरा वर्षांचा मुलगाच आपला वाचक आहे. हे म्हणजे रंगवलेलं पिल्लूच झालं ना?

मावशी : झालं. लहान मुलांना पेनिसिलिन रोज द्यायचं, तेही घाल. ताप आला तर ‘उद्या बघू’ नाही. मलेरियापासून जपायचं. पाणी भरपूर. आणि हायड्रॉक्सीयुरिया हे औषध. अंगोला, काँगो, केनिया आणि युगांडा या चार देशांत सहाशेवर मुलांना ते देऊन पाहिलं. २०१९ साली छापून आलं. दुखण्याचे झटके कमी, जंतुसंसर्ग कमी, मलेरियासुद्धा कमी, मृत्यूही कमी. तोपर्यंत अनेकांना भीती होती की आफ्रिकेतल्या मुलांना ते झेपणार नाही. ही औषधाची डबी तुझ्या शंभर घरांत दिसली पाहिजे, म्हणूनच मला ते पान आवडलं.

भाची : आणि जनुकोपचार? २०२३ च्या अखेरीस अमेरिकेत आणि ब्रिटनमध्ये परवानगी मिळाली. मुलांना त्याचंच कौतुक वाटेल.

मावशी : अमेरिकेत तेव्हा एका माणसाच्या उपचाराची किंमत ठेवली ती बावीस लाख डॉलर. कुमासीतल्या मुलाला तू ते शेवटच्या पानावर आशा म्हणून दाखवणार असशील तर ती फसवणूक आहे. मधल्या पानावर, किमतीसकट दाखव. आणि मग विचारू दे त्यांना, आमच्याकडे का नाही.

भाची : मलेरिया म्हणालीस त्यावरून. खलनायक कसा टाळायचा ते मला तिथे सापडलंय. अँथनी ॲलिसन केनियात वाढलेले. १९५४ मध्ये त्यांनी पूर्व आफ्रिकेतल्या कामातून दाखवलं की एएस माणसाला फाल्सिपेरम मलेरियाचा जीवघेणा तडाखा कमी बसतो. म्हणून जिथे मलेरिया, तिथे एस टिकून राहिला. ज्या जनुकामुळे नात आजारी, त्याच जनुकानं तिच्या पणजोबांना ताप-साथीत तगवलं असेल. मला दोन्ही काळ एकाच पानावर काढायचेत, वर पणजोबा, खाली नात. मधे रेघ नाही.

मावशी : काढ. आणि ते एक्स-मेनसारखं म्युटेशन झालं आणि हातातून वीज निघाली, असलं काही नको.

भाची : ते १९६३ पासून मुलांच्या डोक्यात आहे मावशी, सिनेमांनी आणखी पक्कं केलंय. ते पुसायला कॉमिक्सच लागणार. दुसऱ्या कुणी सांगून ते ऐकणार नाहीत.

यावर मावशीकडे उत्तर नव्हतं, माझ्याकडेही नाही.

मावशी : एक शेवटचं विचारते. तू कोण हे काढणारी? सत्तरच्या दशकात नायजेरियासाठी ‘पॉवरमॅन’ नावाचं कॉमिक इंग्लंडात बसून दोन इंग्रज चित्रकार काढत होते. पुढे दोघेही जगप्रसिद्ध झाले. चित्रं उत्तमच असणार. पण तिथल्या मुलाला आपली गल्ली त्यात सापडली असेल का?

भाची : हा प्रश्न मी स्वतःला विचारलाय. मी कुमासी पाहिलेलं नाही. मघाशी काढलेली पत्र्याची छपरं फोटो बघून काढली. म्हणून मी काम देणाऱ्यांना कळवलंय की पानांची रचना मी करीन, माणसं आणि गल्ल्या तिथल्याच चित्रकारानं काढाव्यात, आणि नाव त्याचं आधी यावं. आफ्रिकेत चित्रकारांची वाण नाही. ‘सुपा स्ट्रायकाज’ हे फुटबॉलचं कॉमिक दक्षिण आफ्रिकेतून निघून कुठल्या कुठे पोचलंय. लोयिसो म्किझे यांचं ‘क्वेझी’ हे कॉमिक २०१४ पासून आहे.

मावशी : आणि कॉमिक वाचून झाल्यावर मुलांच्या हातात संशोधनाच्या संमतीचा कागद देणार नाहीत ना? गोष्ट आवडली, आता रक्त दे, असं? २०१० मध्ये आफ्रिकेच्या दक्षिण भागातल्या सान लोकांचा जीनोम, म्हणजे संपूर्ण जनुकीय आराखडा, छापून आला तेव्हा त्यांचे म्होरके म्हणाले, आम्हाला कुणी विचारलंच नाही. २०१७ मध्ये त्यांनी संशोधकांसाठी स्वतःची आचारसंहिता लिहिली. आफ्रिकेतल्या मुलांना जनुकं शिकवायची, तर कुणी रक्त मागायला आलं की काय काय विचारायचं, तेही शिकव.

भाची : त्यासाठी चार पानं ठेवते. पण तिथे मला अभिमानाचंही एक पान हवं. २०२० मध्ये आफ्रिकेतल्या शास्त्रज्ञांनी पन्नास भाषिक समूहांतल्या फक्त ४२६ माणसांचे जीनोम वाचले आणि त्यात आधी कुठेच नोंद नसलेले तीस लाखांहून अधिक बदल सापडले. माणसाचा सगळ्यात जुना, सगळ्यात विविध वारसा त्या मुलांच्या अंगात आहे. आणि जगभरच्या जनुक-अभ्यासांत त्यांचा वाटा किती थोडा! हे त्यांना आजाराआधी कळू दे. पहिलं पान मला तेच करायचंय.

मावशी : कर. मला आवडेल.

महाराष्ट्राचा विषय निघाला तो इथे, आणि मीच काढला. नंदुरबार, गडचिरोली, मेळघाट इथल्या आदिवासी मुलांमध्येही सिकलसेल आहे. भारतात १९५२ मध्ये निलगिरीत तो पहिल्यांदा नोंदवला गेला, आणि २०२३ च्या जुलैपासून देशभर निर्मूलनाची मोहीम चालू आहे. हीच चित्रकथा तिकडे नेता येईल का, असं मी विचारलं. मावशी म्हणाली, तशीच्या तशी नाही. भारतातला एस बहुतेक वेगळ्या घराण्यातला, अरब-भारतीय म्हणतात त्यातला. गर्भातलं हिमोग्लोबिन जास्त टिकतं आणि पुष्कळांत आजार सौम्य जातो. सी इथे जवळजवळ नाही, त्याऐवजी थॅलॅसिमिया घालावा लागेल. भाची म्हणाली, शंभर घरांचं पान मात्र जाईल, घरं कुडाची काढली की झालं.

मग दोघी शेवटाकडे वळल्या, आणि तिथे त्यांचं जमलं नाही. भाचीला ते दोघं एएस तरुण-तरुणी वेगळे झालेले नको होते, पण त्यांनी लग्न केलं असंही दाखवायचं नव्हतं. सगळे पर्याय मांडून ठेवावेत असं तिला वाटत होतं. वेगळं होणं, लग्न करून गरोदरपणात तपासणी करणं, मूल दत्तक घेणं, मूल झालं तर त्याला जपणं. मावशीचं म्हणणं, त्या दोघांना संहितेतून काढूनच टाकायचं.

मावशी : त्यांच्याऐवजी एसएस मुलगी घे, सतरा वर्षांची. शाळेत जाणारी, औषध घेणारी, कधी कधी आडवी पडणारी, पुढे काय शिकायचं यावर आईशी भांडणारी. तुझ्या सगळ्या कथेत एसएस माणूस म्हणजे टाळायची गोष्ट आहे. वर्गात एक एसएस मूल हे कॉमिक हातात घेऊन बसलेलं असेल. त्याला काय वाटेल? कुमासीची तपासणी उभी करणारे डॉक्टर क्वाकू ओहेने-फ्रेम्पाँग, त्यांच्या स्वतःच्या मुलाला सिकलसेल होता. ते हे काम अशी मुलं टाळण्यासाठी करत नव्हते, ती जगावीत म्हणून करत होते.

भाची : मुलगी घेते. पण ते दोघंही राहतील. तिथल्या पोरांच्या मनात पहिला प्रश्न तोच आहे, आणि मी तो टाळला तर ती पुस्तक मिटतील.

मावशी : मग मुलगी त्या मुलाची बहीण असू दे. तिच्यासमोर बसून ठरवू देत काय ठरवायचंय ते.

भाची : हे अवघड आहे.

मावशी : आहेच. आणि छापायच्या आधी कच्ची पानं कुमासीच्या एखाद्या वर्गात ने. वाचून झालं की एकच प्रश्न विचार, या आईला दोन मुलं एसएस झाली, तिसरं बरं निघणार का? नक्की बरं निघणार, असं म्हणून किती हात वर होतात ते मोज. अर्ध्या वर्गाचे झाले, तर सगळी पानं पुन्हा काढायची.

भाची : तेवढा वेळ काम देणारे देणार नाहीत.

मावशी : मागून घे. मी पत्र लिहिते.